मखमलीचे तुरे

कायदा आला तो नेमका पिसं झडायच्या दिवसांत. वर्षातून एकदा कोंबडे जुनी पिसं टाकतात, तेव्हा आमच्या अंगणात पिसांचा खच पडतो. वारा सुटला की ती पुढच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनवर येतात आणि नकळत गिऱ्हाइकांच्या कपड्यांत शिवली जातात. शाळेच्या हेडमास्तरांच्या कोटातून एकदा भर सभेत तांबडं पीस निघालं. तेव्हापासून ते माझ्याकडे फक्त पायजमे टाकतात.

मी शिंपी. दुकान टाकलंय ते बहिणीच्या घराच्या पुढच्या खोलीत. जागेचं भाडं नाही, दोन वेळचं जेवणही तिथेच, आणि त्याबदल्यात दाजींचं बोलणं ऐकून घ्यायचं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. सगळी वस्ती त्यांना उस्ताद म्हणते. झुंजीचे कोंबडे तयार करायचे हा त्यांच्या वडिलांचा धंदा, तोच पुढे यांचा. मागच्या अंगणाला तारेचं कुंपण, आत सात खुंट्या, सात खुंट्यांना सात कोंबडे, एकमेकांची चोच पोचणार नाही एवढ्या अंतरावर बांधलेले. झुंजीत समोरच्याला पकड मिळू नये म्हणून सातही जणांचे तुरे लहानपणीच वस्तऱ्याने साफ उतरवलेले. त्यामुळे सगळे नुकतीच हजामत करून आल्यासारखे दिसायचे.

सातांत पहिला मान मुकादमाचा. मुकादमाने नऊ झुंजी मारल्या होत्या. आठवा एक कोंबडा होता, तो मोकळाच हिंडायचा. पहिल्याच झुंजीत तो समोरच्याला बघून उडाला तो थेट छपरावर, आणि संध्याकाळपर्यंत खाली आला नाही. त्याचं नाव भित्र्या. असल्याचा तुरा कापायला वस्तरा कशाला खराब करायचा, म्हणून दाजींनी त्याला तसाच सोडला होता. तांबडाभडक, पाच टोकांचा तुरा मिरवत तो अंगणातल्या अठरा माद्यांमध्ये खुशाल फिरायचा.

दाजींचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. कोमट तेलाची वाटी घ्यायची, एकेक कोंबडा मांडीवर घ्यायचा आणि मांड्यांपासून नखांपर्यंत चोळायचा. बोटांच्या मधल्या पातळ कातडीत बारीक चीर दिसली की दाजी कळवळायचे.

"मेव्हणे, बघा, परत काटा लागला याला. अंगण झाडता येत नाही या घरात कुणाला."

मग त्या चिरेत बोट घालून तेल जिरवायचं. माझ्या बहिणीचे पाय या माणसाने जन्मात कधी चोळले नाहीत. ती तेवढ्या वेळात खुराडी खरवडायची, पाणी भरायची, दाणे निवडायची, कुठली कोंबडी खुडूक झाली ते बघून तिच्याखाली अंडी मांडायची, निघालेली पिल्लं डालग्याखाली झाकायची. अंड्यांवर कोळशाने कसल्या तरी रेघा ओढायची. दाजी त्याला बायकांचं काम म्हणायचे. ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि मला त्या दोघांचाही राग यायचा.

तर कायदा. चौकीच्या भिंतीवर कागद लागला. दाजींचा चष्मा तुटलेला होता, म्हणून त्यांनी तो कागदच काढून न्हाव्याच्या दुकानात आणला. मीही सोबत होतो. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या एका गालाची दाढी करून दुसऱ्या गालाला फेस लावून ठेवला आणि आरशासमोर उभा राहून वाचायला लागला.

"एक. कोंबड्यांची झुंज लावणे, बघणे, झुंजीसाठी जागा देणे, बंद."

"बघणेसुद्धा?" दाजी म्हणाले.

"बघणेसुद्धा. दोन. झुंजीच्या जातीचे कोंबडे केवळ वंशवाढीसाठी पाळता येतील. त्याला जनावरांच्या दवाखान्याचा परवाना लागेल. परवान्याआधी डॉक्टर घरी येऊन तपासतील. परवाना न मिळाल्यास पक्षी जप्त. तीन. तुरा कापलेला कोंबडा झुंजीचा आहे असे धरले जाईल..."

"अहो, फेस वाळला," गिऱ्हाईक ओरडलं.

न्हावी वळला. तेवढ्यात दाजींनी त्याच्या हातातला कागद ओढला, चार घड्या घालून खिशात कोंबला आणि बाहेर पडले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. सात कोंबडे आणि सातही बिनतुऱ्याचे. चौथ्या कलमात काय आहे ते विचारायला ते थांबले नाहीत, आणि माझंही लक्ष त्या अर्ध्या दाढीकडे होतं.

घरी आल्यावर ते बराच वेळ मुकादमासमोर उकिडवे बसून राहिले. मुकादमाची शेपटी झडली होती, मान उघडी पडली होती. नऊ झुंजी मारलेला तो गडी त्या दिवशी अगदीच केविलवाणा दिसत होता.

"वडिलांनी एका कोंबडीवर हा वाण उभा केला," दाजी म्हणाले. "चाळीस वर्षं. आणि माझ्या हाताने बुडणार."

ताई दाणे पाखडत होती. "डॉक्टर येतील तेव्हा खरं ते सांगा ना. तुरे आधीच कापलेत म्हणावं. तेव्हा कायदा कुठे होता?"

"तुला कायद्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला कळलं ना? मग सांगा की."

दाजी ताटावर जाऊन बसले. जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. हात धुता धुता ते माझ्याकडे बघायला लागले.

"मेव्हणे," ते म्हणाले, "तुमच्याकडे लाल कापड असेल नाही?"

आता मी इथे खरं सांगून टाकतो. मी नाही म्हणायला हवं होतं. पण बँडवाल्यांच्या कोटांच्या कॉलरी शिवल्या होत्या, त्यातली लाल मखमल माझ्याकडे उरली होती, आणि ती नुसती पडून राहिलीय याचं मला किती दिवस वाईट वाटत होतं. शिवाय असलं काम आजवर कुठल्याही शिंप्याने केलं नसेल. मी म्हणालो, "माप घ्यावं लागेल."

माप घ्यायला पहिल्यांदा भित्र्याला धरला, कारण खरा तुरा त्याच्याच डोक्यावर होता. त्याला पकडायला आम्हाला तासभर लागला. दाजी छपरावर चढले, मी खाली चादर धरून उभा राहिलो, आणि शेवटी ताईने नुसतं "ये" म्हटल्यावर तो तिच्या पायाशी येऊन बसला. मी तुऱ्याची लांबी घेतली, उंची घेतली, पाचही टोकांमधली अंतरं घेतली आणि वहीत लिहिली. मग कागदाचा नमुना कापला. सवयीप्रमाणे शिलाईसाठी बोटभर कापड जास्तीचं सोडलं.

"अंगापेक्षा थोडा सैल ठेवा," दाजी म्हणाले. "वाढत्या अंगाचे आहेत त्यातले दोघं."

दाजींनी परवान्याचा अर्ज दवाखान्यात टाकला होता, डॉक्टर यायला दोन दिवस होते. मी हातातली सगळी कामं बाजूला सारली. एका मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, तिची आई दारात येऊन बोलून गेली. मी मखमल दुहेरी घेतली, आत कापूस भरला, टोकं सुईने ओढून काढली, खालून पट्टी लावली. पहिला तुरा हातावर ठेवून बघितला तेव्हा मलाच भरून आलं. पुढचे सहा मी तसेच उतरवले, एका दोऱ्याचा फरक नाही. चांगल्या कारागिराची हीच खूण, असं मी तेव्हा समजत होतो.

चिकटवायचं काम दाजींचं. डिंकाने भागेना. कोंबडा डोकं झटकायचा आणि तुरा उडून पाण्याच्या भांड्यात पडायचा. मग सुताराकडून सरस आणला. तो गरम करायचा, बोटाला सोसेल इतका निववायचा, टाळक्यावर लावायचा आणि तुरा दाबून धरून शंभर आकडे मोजायचे. मी कोंबड्याचे पाय धरायचो, दाजी डोकं. कोंबडे आमच्या हातांची सालटं काढत होते. शेवटच्याला चिकटवून झालं तेव्हा दाजींचा अंगठा त्याच्या तुऱ्याला असा बसला होता की ताईला कोमट पाण्याने तो सोडवावा लागला. तिने तो सोडवला. मग वाटी धुऊन दाणे निवडायला बसली. 

ठरल्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. लहानखुरी, कपाळाला आठी, खांद्याला पिशवी. स्कूटर दारात लावली, चपला काढून पिशवीतले गमबूट चढवले आणि सरळ मागे गेल्या. चहा नको म्हणाल्या. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

अंगणात ऊन पडलं होतं. सात खुंट्यांवर सात कोंबडे उभे. अंगावर पिसं निम्मी, शेपट्यांच्या काड्या झालेल्या, आणि डोक्यावर लालभडक, नवेकोरे, भरगच्च तुरे. बाई कुंपणाच्या दारातच थांबल्या. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग उलट बघितलं.

"सगळ्यांचे तुरे अगदी सारखे आहेत," त्या म्हणाल्या.

"एकाच रक्ताचे ना," दाजी म्हणाले.

तेवढ्यात छपरावरून भित्र्या खाली उतरला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "हां. हा यांचा बाप दिसतोय."

"छे छे!" दाजींना राहवेना. "तो भित्र्या. त्याच्यात काही दम नाही. बाप हा, मुकादम. धाकट्या सहांचा बाप."

बाई मुकादमाजवळ बसल्या. त्याच्या डोळ्यांत बघितलं, पंख उचलून बघितले, छाती दाबून बघितली. मुकादम शहाण्यासारखा उभा होता. मग बाईंनी दोन बोटांत तुरा धरला.

"गार लागतोय," त्या म्हणाल्या. "कोंबड्याचा तुरा कोमट असतो."

"पहिल्यापासून थंड डोक्याचा आहे तो," दाजी म्हणाले.

मी कुंपणाचा खांब घट्ट धरला. बाईंनी दाजींकडे एकदा बघितलं, पिशवीतून वही काढली, काहीतरी लिहिलं. मला वाटलं, निभावलं. पण उन्हाने सरस मऊ होतो हे सुतार आम्हाला सांगायला विसरला होता, आणि कोंबडीला लाल काही दिसलं की चोच मारल्याशिवाय राहवत नाही हे आम्हाला, कोंबड्यांत जन्म काढलेल्या माणसांना, आठवायला हवं होतं.

एक ठिपक्यांची कोंबडी दाणे टिपत टिपत मुकादमापाशी आली. मान वाकडी करून तिने तुऱ्याकडे बघितलं. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. आणि उडी मारून चोच घातली. तुरा अर्धा सुटून मुकादमाच्या डोळ्यावर लोंबायला लागला. मुकादमाला वाटलं कुणीतरी अंगावर आलं. तो लोंबत्या तुऱ्यावर तुटून पडला. पण तो वळला की तुराही वळायचा. नऊ झुंजी मारलेला कोंबडा खुंटीभोवती दोरी संपेपर्यंत स्वतःच्या टोपीचा पाठलाग करत राहिला आणि शेवटी दोरीत गुरफटून आडवा झाला. ठिपक्यांच्या कोंबडीने तुरा उपटला आणि पळाली. निम्म्या तिच्यामागे. त्यांचं बघून बाकीच्या कोंबड्यांनी बांधलेल्या सहाजणांवर चाल केली. अंगणभर कापूस उडत होता. एका कोंबडीच्या चोचीतून मखमलीची पट्टी लोंबत होती आणि कोंबडी ती गिळायचा प्रयत्न करत होती.

दाजी एका तुऱ्यामागे धावले. मी दुसऱ्यामागे. ताई जागची हलली नाही.

बाईंनी पायाशी आलेला एक तुरा उचलला. उलटा केला. शिलाई बघितली.

"काम सुबक आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

दाजींनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कायद्याचा कागद वाचलात का तुम्ही?"

दाजींनी खिशातला चार घड्या घातलेला कागद काढून दिला. बाईंनी तो उलगडला आणि बोट ठेवून वाचलं. "चार. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांचे तुरे कापले आहेत असे कोंबडे, मालकाने तसे लेखी सांगितल्यास, वंशवाढीसाठी पाळता येतील." त्यांनी कागद परत दिला. "एक ओळ लिहायची होती. तुरे आधी कापलेत, एवढंच. मी सही करून गेले असते."

दाजींनी कागद डोळ्यांपाशी नेऊन बघितला.

"पुढे पाच," बाई म्हणाल्या. "तपासणीत फसवणूक करणाऱ्या अर्जदाराला परवाना मिळणार नाही. मला हे लिहावं लागेल. सोमवारी गाडी येईल, कोंबडे घेऊन जाईल."

दाजी मुकादमाजवळ मातीत बसले. त्याच्या पायातली गुरफटलेली दोरी सोडवायला लागले. गाठ सुटेना. चाळीस वर्षांचा वाण त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबून, शंभर आकडे मोजून घालवला होता. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या कारागिरीची लाज वाटली.

"जप्तीआधी नोंद लागते," बाई वही उघडून म्हणाल्या. आवाज जरा नरमला होता. "प्रत्येकाचं वय आणि आई-बाप सांगा. या तांबड्याचं?"

"बाप मुकादम," दाजी म्हणाले.

"आई?"

"आई... कोंबडीच असणार कुठलीतरी."

"वय?"

"दोन झुंजी मारल्यात त्याने. एकदा तर समोरच्याला असा..."

"वय विचारलं मी."

 बाईंनी पुढच्याचं विचारलं. बाप मुकादम, आई माहीत नाही, वय सांगता येत नाही, झुंजी तीन. त्याच्या पुढच्याचंही तेच. बाई पेन खाली ठेवणार एवढ्यात ताई बोलली.

"तांबडा दोन वर्षं चार महिन्यांचा," ती म्हणाली. "ठिपकीच्या आईचा. तेव्हा अकरा अंडी मांडली होती, नऊ फुटली, सात जगली. शेजारचा काळा तिच्याच बहिणीचा. त्याच्या पलीकडचा माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या कोंबडीची पाचवी पिढी."

बाईंनी मान वर केली. "कशावरून सांगता?"

ताईने पदर खोचला, तांबड्याला उचललं आणि त्याच्या पायाची बोटं फाकवली. "ही आतल्या बाजूची चीर म्हणजे ठिपकीच्या आईकडचा. बाहेरच्या बाजूला असली तर तिच्या बहिणीकडचा. दोन्हीकडे म्हणजे सासऱ्यांच्या कोंबडीचं रक्त. अंड्यावरची कोळशाची रेघ बघायची आणि पिल्लू निघालं की पहिल्याच दिवशी नखाच्या कातरीने करते. सासरे शिकवून गेले. म्हणाले होते, वाण कोंबडीकडून येतो, पोरगा माझं ऐकायचा नाही, तू सांभाळ."

दाजी एकेकाचे पाय बघत होते. "या चिरा..." ते म्हणाले. "मी रोज तेल लावायचो यांना."

"हो. त्यामुळे भरून यायच्या आणि मला परत कराव्या लागायच्या," ताई म्हणाली.

बाई भराभर लिहायला लागल्या होत्या. "बाप सगळ्यांचा मुकादमच ना?"

ताई थांबली. तिने दाजींकडे बघितलं. आजवर ती कधी अडखळली नव्हती.

"नाही," ती हळू म्हणाली. "मुकादमाची अंडी फुटत नाहीत. पाच वर्षांत एक पिल्लू निघालं नाही त्याचं. आणि कोंबड्यांना फार मारतो तो, दोघी अधू केल्या. म्हणून मी त्याच्याकडे कोंबडी सोडतच नाही." तिने हनुवटीने छपराकडे खूण केली. "हे धाकटे सहाही त्याचे."

छपराच्या कडेला बसून भित्र्या पिसं साफ करत होता.

दाजींनी वर छपराकडे बघितलं. मग म्हणाले, "पाच वर्षं? मी सगळ्या वस्तीला सांगत होतो मुकादमाचे पठ्ठे म्हणून. आणि तू बोलली नाहीस?"

"चार माणसांत मान वर करून चालत होतात तुम्ही," ताई म्हणाली. "मी कशाला सांगू?"

मला वाटलं दाजी आता भडकतील. ते नुसतेच मुकादमाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

बाईंनी वहीचं पान उलटलं, मग ते फाडून टाकलं. पिशवीतून नवा फॉर्म काढला. "परवाना वंशवाढ करणाऱ्याला मिळतो," त्या म्हणाल्या. "जो जोड्या लावतो आणि नोंद ठेवतो त्याला. यांचा अर्ज मी नामंजूर केलाय. तुम्ही करताय का अर्ज?"

"मी?" ताई म्हणाली.

"तुरे कधी कापलेत तेवढी एक ओळ लिहा. यांना वर्षभर मदतनीस म्हणून राहता येईल. तुम्ही सांगाल तेवढंच काम. झुंजीला एकही पक्षी गेला तर परवाना जाईल."

ताईने हात पुसले आणि माझ्या मशीनवर बसून अर्ज भरला. मी सुया-दोरे बाजूला केले. सहा कोंबडे आणि भित्र्या वंशवाढीच्या रकान्यात गेले. मुकादम कुठल्या रकान्यात बसेना. बाई म्हणाल्या की ज्याला पिल्लं होत नाहीत तो वंशवाढीचा कसा धरायचा. त्याला गाडीत घालावं लागेल.

दाजी दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं. ते काही बोलले नाहीत, कारण बोलायला आता त्यांचा अर्जच उरला नव्हता. त्यांनी फक्त चौकटीला हात लावला. हा माणूस दिवसभर तोंड वाजवतो म्हणून मी आयुष्यभर वैतागलो होतो. त्या वेळी त्याने काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं.

"खाली हा रकाना आहे तो कशाचा?" ताईने विचारलं.

"नुसता पाळीव म्हणून ठेवायचा असेल तर. एकच ठेवता येतो. पण सबळ कारण द्यावं लागतं."

ताईने पेन उचललं, विचार केला आणि लिहिलं. बाईंनी कागद फिरवून मोठ्याने वाचला. "घरातल्या मदतनीसाला त्याच्याशिवाय करमत नाही."

बाई पहिल्यांदा हसल्या. सही केली, शिक्का मारला, गमबूट काढून चपला घातल्या. जाताना त्यांनी एक मखमली तुरा खिशात टाकला. पुरावा म्हणून, असं म्हणाल्या. मला नाही तसं वाटलं.

त्यानंतरचे दोन दिवस दाजी खालमानेने वावरले. ताई सांगेल ते काम केलं. खुराडी खरवडली, तीही अशी की ताईला परत खरवडावी लागली. घराबाहेर पडले नाहीत. तुऱ्यांची गोष्ट तेवढ्यात वस्तीभर झाली होती. मुलं आमच्या दारावरून जाताना डोक्यावर हाताची पाच बोटं धरून आरवायची. पण भित्र्याची गोष्ट बाहेर कुणालाच माहीत नव्हती. ती आम्ही तिघं आणि डॉक्टरीणबाई, एवढ्यांतच होती.

रविवारी वीटभट्टीवाला आला. वस्तीतलं मोठं प्रस्थ, दाजींचं जुनं गिऱ्हाईक. सोबत दोघं, आणि मागोमाग काय होतंय बघायला न्हावी. दाजी ओट्यावर आपल्या खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले. मी मशीनवरून बघत होतो. ताई आत चुलीपाशी होती.

"उस्ताद, ऐकलं ते सगळं," भट्टीवाला म्हणाला. "जाऊ द्या, होतं असं. परवाना तर आलाय ना घरात? मग मला मुकादमाचा एक पठ्ठा द्या. कायद्यात बसेल असाच. दारात उभा केला तरी लोकांनी बघत राहावं. मुकादमाचं रक्त म्हणजे काय, सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना," न्हावी म्हणाला.

दाजींनी छाती पुढे काढली. इतक्या वर्षांची सवय होती ती. "मुकादमाचं रक्त म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. आतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. ताई ऐकत होती. मला माहीत होतं की दाजींनी पुढचं वाक्य नेहमीसारखं पूर्ण केलं तरी ती बाहेर येऊन खोडणार नाही. पाच वर्षं खोडलं नव्हतं, आताही खोडणार नव्हती. दाजींनाही ते माहीत होतं.

त्यांनी घसा खाकरला.

"मुकादमाला पिल्लं होत नाहीत," दाजी म्हणाले.

"काय म्हणता?"

"एकही नाही झालं. तुम्ही मागे नेलेत ना दोन, ते भित्र्याचे. तो बघा, छपरावर बसलाय." भट्टीवाल्याने वर बघितलं, न्हाव्याने बघितलं. दाजींचे कान लाल झाले होते, पण ते बोलत राहिले. "वाण माझा नाही. मी नुसता तेल लावत होतो. जोड्या बायको लावते, अंडी ती निवडते, सगळं ती बघते. पठ्ठा हवा असेल तर तिच्याशी बोला. आणि झुंजीला लावणार असाल तर ती अंडंसुद्धा देणार नाही, आधीच सांगतो."

 मी मशीनचा पाय थांबवून बसलो होतो. माझे डोळे भरून आले. शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर सुई दिसत नाही, आणि मुलीच्या लग्नाचे कपडे अजून बाकी होते.

"अगं ए," दाजींनी आत हाक मारली. मग जरा थांबून म्हणाले, "बाहेर येतेस का? तुझ्याकडे गिऱ्हाईक आलंय."

ताई हात पुसत बाहेर आली. पाहुण्यांकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. दाजींनी आपली खुर्ची उचलून तिच्याजवळ सरकवली. ती क्षणभर उभीच राहिली. मग बसली.

"बोला," ती भट्टीवाल्याला म्हणाली.

आणि दाजी पाहुण्यांना पाणी आणायला आत गेले.